वटवट्याचं काय केलं मी

मंद्या,

सात महिने फोन नाही, शिव्या घाल, ऐकून घेतो. तब्येत ठीक, शुगर आहे तशीच. पण हे तुलाच सांगायचंय, घरी सांगितलं तर ही म्हणाली, एवढ्याशा चिमणीपायी तोंड पाडून काय बसलायस.

चिमणी नाही रे, ग्रीनिश वॉर्बलर! खिडकीबाहेरच्या रेन ट्रीवरचा आपला वटवट्या. सप्टेंबर सरताना येतो, दिवसभर 'चिस्-वी, चिस्-वी' करत पानांखालच्या अळ्या-किडे टिपतो आणि एप्रिलमध्ये परत हिमालयाकडे. मागच्या मंगळवारी समोरच्या नव्या टॉवरच्या काचेवर आपटला. वॉचमनने चपलांच्या खोक्यात घालून आणून दिला. हातात घेतला तर दहाच्या नाण्याएवढं वजन. पंखावर एकच बारीक फिकट पट्टी, डोक्यावर मधोमध पट्टा नाही. म्हणजे नागल्याच्या जंगलात तू वेस्टर्न क्राउन्ड, म्हणजे तो डोक्यावर पट्टा असलेला वटवट्या, म्हणून वहीत लिहिलास तोपण हाच होता, आता तरी मान्य कर.

तासाभराने खोक्यात फडफड सुरू झाली आणि मी शहाणा, रिक्षा करून त्याला आरेत सोडून आलो. म्हटलं जंगल आहे, काचा नाहीत, मजेत राहील. रात्री पडल्या पडल्या आठवलं, तूच सांगितलेलंस ना, हे हिवाळ्यातसुद्धा आपापली झाडं धरून बसतात, दुसरा शिरला की हाकलतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडांवर येतात. म्हणजे आरेतली चांगली झाडं आधीच कुणा ना कुणाची, आणि मी ह्याला तिथे बिनभाड्याचा पोटभाडेकरू म्हणून नेऊन टाकला! गच्चीवरून सोडला असता तर दोन मिनिटांत आपल्या झाडावर असता. पाच दिवस झाड गप्प होतं. खाली पार्किंगवाले खूश, त्यांना तसंही ते झाड नकोच आहे.

आज चहा गाळताना पुन्हा 'चिस्-वी'. अर्धा चहा ओट्यावर सांडला. पण हा तोच, की रिकामी जागा बघून घुसलेला दुसरा? पायात रिंग नाही, काही नाही. एवढ्या लांबून येणाऱ्याला आरे ते इथे म्हणजे काहीच नाही, असं स्वतःला समजावतोय, पण दुसरा असला तर आपला अजून तिकडे मार खात फिरतोय.

छोटीची दहावी ना यंदा? काकूंचे गुडघे कसे आहेत? नवीन नोकरीचं सविस्तर कळव.

आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवतोय, मागे मिक्सर ऐकू येईल. मार्चमधलंही जुनं आहे माझ्याकडे. दोन्ही ऐकून सांग, एकच आहे का.

तुझा,
बाळ्या