मूल हरवलं की तक्रार तेव्हाच घ्या

संपादक महाशय,

हरवलेल्या मुलांवरचा तुमचा लेख वाचला, पटला, पण "चोवीस तास बघा, येईल परत" असं सांगून आईबापाला ठाण्यातून परत पाठवतात त्यावर अजून स्पष्ट लिहायला पाहिजे होतं. असा कुठलाच नियम नाही. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा आणि अपहरण समजूनच तपास करायचा. आपल्या सीमाभागात तर हे जास्तच गरजेचं, कारण बेळगाव स्टँडवरून चंदगडची नाहीतर कोल्हापूरची बस धरली की मूल थोड्याच वेळात दुसऱ्या राज्यात, आणि मग हद्द कुणाची यातच वेळ जातो. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुणाचीही असली तरी नोंदवायचा एफआयआर, कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो, हे लोकांना माहीतच नसतं! मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 दोन्ही राज्यांत फुकट लागतो, रेल्वेत असाल तर 139. व्हॉट्सॲपवर फोटो नंतर फिरवा, मूल घरी आलं तरी तो फोटो महिनोन्महिने फिरत राहतो. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेत आणि प्रत्येक स्टँडवर हे नंबर मराठी-कन्नड दोन्हीत मोठ्या अक्षरात लावावेत, ही प्रशासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव