कर्ज पाईपला मिळतं, रात्रपाळीच्या माणसाला का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी बँकेच्या कर्जातून अमुक शहराची पाणी योजना होणार अशी बातमी आली की हेडिंगमध्ये कर्जाचा आकडा असतो, खाली पाईप किती किलोमीटर ते असतं, पण योजना झाल्यावर ती चालवणार कोण, पाणीपट्टी वसूल कोण करणार आणि रात्री लाईन फुटली तर येणार कोण हे काही वाचायला मिळत नाही. म्हणून म्हटलं लिहावंच.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह बघा. १९९३ मध्ये तिथे शुद्ध करून सोडलेल्या पाण्यातलं ७२ टक्के पाणी गळतीत नाहीतर चोरीत जायचं, म्हणजे १०० लिटर सोडलं तर बिल २८ लिटरचं, आणि ज्यांचं बिल निघायचं त्यातलेही निम्मे पैसे भरत नव्हते. बेकायदा जोडण्या विकणारे काही जण खात्यातलेच होते. त्याच वर्षी एक सोन चान नावाचे इंजिनिअर प्रमुख झाले (‘एक’ हे त्यांच्या नावातलंच आहे), आणि मदतही आली, जपान सरकारची मदतसंस्था जायका हिने मास्टर प्लॅन करून दिला, वर्ल्ड बँक, एडीबी (आशियाई विकास बँक), फ्रान्स सगळ्यांनी पैसे दिले. पण पैसा तर इतर शहरांनाही मिळाला होता ना. इथे फरक पडला तो घरोघरी जाऊन ग्राहकांची यादी नव्याने केली, प्रत्येक नळाला मीटर बसवला आणि बड्या लोकांनाही बिल पाठवलं म्हणून. एका लष्करी अधिकाऱ्याकडे गेल्यावर त्याने बंदूक रोखली होती असं चान स्वतः सांगतात, तरी मीटर बसलाच.

आणि गळतीचं काम तर अगदीच बिनग्लॅमरचं. शहराचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात किती पाणी शिरलं ते मोजायचं, मग रात्री रहदारी थांबली की माणूस रस्त्यावर काठीसारखी सळई टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावतो आणि खालच्या पाईपातून सूं आवाज येतोय का ते ऐकतो, आला की तिथे खडूने खूण, सकाळी खोदाई. या कामाची फीत कापता येत नाही, त्यामुळे ते कुणाला नको असतं. जपानच्या किटाक्युशू शहराने मात्र १९९९ पासून स्वतःच्या पाणी खात्यातली माणसं नॉम पेन्हला पाठवली, ती तिथल्या लोकांच्या शेजारी उभी राहून काम शिकवायची. मला विचाराल तर खरी मदत ही. २०१० च्या सुमाराला नॉम पेन्हमधली गळती-चोरी मिळून ६ टक्क्यांच्या आसपास आली होती, पाणी २४ तास, गरीब घरांना जोडणीच्या फीमध्ये सवलत आणि हप्ते. दरवाढ तीन टप्प्यांत करायचं ठरलं होतं, वसुली इतकी सुधारली की तिसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही.

याच्या उलटही झालंय. बोलिव्हियात कोचाबांबाचं पाणी १९९९ मध्ये एका परदेशी कंपनीच्या गटाकडे गेलं, दर वाढले, लोक रस्त्यावर आले आणि एप्रिल २००० मध्ये करार रद्द करावा लागला. टांझानियात दार एस सलाम शहराच्या पाण्याचं खासगीकरण देशाला मिळालेल्या परदेशी कर्जमाफीच्या अटींमधून आलं, २००३ ला कंपनी आली, २००५ ला सरकारने तिला घालवली. खासगी की सरकारी या भांडणात मला पडायचं नाही (नॉम पेन्हचं खातं सरकारीच होतं, पण त्याला स्वतःचे निर्णय घ्यायची मोकळीक मिळाली होती), माझं म्हणणं एवढंच की अट बाहेरून लादली की ती आपली आहे असं कुणालाच वाटत नाही.

शिवाय मदत करणाऱ्याला सगळं कळतं असंही नाही. बांगलादेशात तळ्याचं पाणी पिऊन लोक जुलाबाने मरत होते म्हणून युनिसेफ आणि इतरांच्या मदतीने लाखो हापसे बसवले, जंतूंचा प्रश्न सुटला, आणि १९९३ मध्ये कळलं की जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक आहे. आधी त्याची तपासणीच होत नव्हती. संडासाच्या बाबतीत मात्र त्याच देशाने जगाला शिकवलं, २००० च्या सुमारास राजशाही जिल्ह्याकडच्या एका गावात कमल कर या भारतीय विकास सल्लागारांनी फुकट संडास वाटायचे बंद करून गावकऱ्यांनाच हागणदारीत फिरवलं आणि रोज किती घाण परत आपल्या ताटात येते त्याचा हिशोब करायला लावला. पुढे बऱ्याच देशांत ही पद्धत गेली, काही ठिकाणी लोकांना लाज आणण्याच्या नावाखाली दादागिरी झाली तेही खरंच.

मलनिस्सारणात तर आणखी गंमत. प्रक्रिया केंद्र बांधायला कर्ज मिळतं, पण घरापासून मुख्य लाईनपर्यंतची शेवटची जोडणी ज्याची त्याने करायची, ती परवडत नाही म्हणून होत नाही, आणि केंद्र अर्धं रिकामं. मैला उपसणाऱ्या गाडीला डिझेल आणि माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरावं लागू नये अशी यंत्रं यांच्यासाठी कुणी करार करताना फोटो काढलेला मी तरी पाहिला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी छापताना एवढं विचारा की कर्जातले किती पैसे देखभालीला आणि माणसं तयार करायला आहेत, कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत रोज पाणी किती तास येणार ते करारात लिहिलंय का. आणि जमलं तर पाच वर्षांनी बातमीदाराला परत तिथे पाठवा.

आपला,
एक जुना वाचक