क्लोद नॉब्स यांस अनावृत पत्र

आदरणीय क्लोद नॉब्स यांस,
सादर प्रणाम.

स्वित्झर्लंडमधील माँत्रो जॅझ महोत्सवाचे आपण संस्थापक. जानेवारी २०१३ मध्ये आपले निधन झाले, त्यामुळे हे पत्र आपल्या हाती पडणार नाही; तरीही माझ्यासारख्या हौशी गिटारवादकांवर आपले जे ऋण आहे, ते जाहीरपणे मान्य करावेसे वाटले. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्याची सुरुवातीची चाल मी कित्येक वर्षे घोटली, मात्र त्यातील शब्दांकडे फार उशिरा लक्ष दिले.

४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, माँत्रोच्या कॅसिनोत अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापा यांची मैफल रंगात असताना श्रोत्यांपैकी कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारी बंदूक) झाडली आणि छताने पेट घेतला. त्या धुरात पुन्हा पुन्हा शिरून आपण अनेक तरुणांना बाहेर काढलेत, आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात आपल्या नावासह त्याची नोंद झाली. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर समोरच्या हॉटेलातून पाहणाऱ्या डीप पर्पलपैकी बास गिटारवादक रॉजर ग्लोव्हर यांना काही दिवसांनी झोपेतून जागे होताना शीर्षकाचे शब्द सुचले.

आपली दुसरी मदत मात्र गाण्यात आलेली नाही, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. डीप पर्पल आपला नवा अल्बम त्याच कॅसिनोत ध्वनिमुद्रित करणार होते. त्यासाठी रोलिंग स्टोन्स या बँडचा ट्रकमधला फिरता स्टुडिओ भाड्याने आणलेला होता, आणि आता जागाच उरली नव्हती. आपण त्यांना पॅव्हिलियन हे नाट्यगृह मिळवून दिलेत. तिथल्या आवाजाने शेजारी वैतागले, पोलीस दाराशी आले, आणि ते दार बँडच्या मदतनिसांनी आतून अडवून धरले असताना या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. उरलेला अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंडगार मार्गिकांमध्ये पार पडला. पण गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांची ती चार सुरांची चाल आपण शोधलेल्या छपराखालचीच आहे.

ही चाल सोपी समजली जाते, पण ती तितकीशी सोपी नाही. ब्लॅकमोर दोन तारा एकदम बोटांनी छेडतात, त्या सुरांत आपल्याकडचा षड्ज-मध्यम भाव (सा आणि म यांच्यातील अंतर) असतो, आणि बँडचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा ऑर्गन) गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून गुरगुरत तिला वजन देतो. आमच्यापैकी बहुतेक जण ती पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवतात. मीही वाजवली, आणि ती तशी का लागत नाही याचे नवल करत बसलो.

मार्च १९७२ मध्ये तो अल्बम ‘मशीन हेड’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी हे गाणे लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतील बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. १९८९ मध्ये आर्मेनियातील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी ब्रायन मे, टोनी आयोमी आदी वादकांनी ते नव्याने मुद्रित केले. आगीतून माणसे वाचवणाऱ्या आपल्याला त्याचे समाधान वाटले असेल, असा माझा समज आहे.

आता मी ती चाल बोटांनी वाजवतो आणि दुसरे कडवे गाळत नाही.

आपला कृतज्ञ,
एक हौशी गिटारवादक