खडपातला स्पंज : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरात समुद्र शिरलाय आणि स्वयंपाकघरात पिवळा स्पंज पोळ्या लाटतोय, हे लेकीचं स्वप्न फारच आवडलं! त्याचा अर्थ शोधत बसू नकोस. दिवसा 'स्पंजबॉब' कार्टून आणि तोंडी सारखं अलिबाग, मग रात्री दुसरं काय दिसणार? पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. ते पहाटेचं होतं म्हणून आठवलं, एवढं मात्र खरं. स्वप्नांची रेम झोप रात्रीच्या सुरुवातीला काही मिनिटांचीच असते, पहाटेकडे लांबत जाते, आणि तेव्हा जाग आली की स्वप्न हाती लागतं. तिला ते वहीत काढू दे. तू फक्त "मग काय झालं?" एवढंच विचार. "स्पंज रागावला होता का?" असं विचारलंस की मुलं तेही स्वप्नात घालून टाकतात. पण झोपल्यावर तासा-दोन तासांतच किंचाळून उठली आणि तुला ओळखेना, तर ते स्वप्न नव्हे, गाढ झोपेतली भीती. तेव्हा हलवून जागं करू नको, पडणार-लागणार नाही एवढं बघ.

आता अलिबागची सहल. तिला नुसत्या वाळूवरून परत आणू नकोस, खडपात, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर ने. त्या कार्टूनचं मूळ तिथंच आहे. ते काढणारे स्टीफन हिलेनबर्ग आधी कॅलिफोर्नियात डेना पॉइंटला समुद्री जीवशास्त्र शिकवायचे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या प्राण्यांवर त्यांनी मुलांसाठी चित्रकथा काढली होती आणि 1999 साली त्याच दुनियेतून मालिका आली. त्यातला स्क्विडवर्ड हा ऑक्टोपस. आठ पाय चित्रात गर्दी करत होते म्हणून त्याला सहाच दिलेत. गॅरी गोगलगाय आहे, हे तिला ठाऊक असेलच. स्पंज तेवढा भांडी घासायचा, चौकोनी. खरा स्पंज खडकाला चिकटलेला असतो. अंगभर बारीक छिद्रांतून पाणी आत घेतो, त्यातलं खाद्य गाळतो आणि मोठ्या छिद्रातून पाणी सोडतो. मेंदू नाही की पोट नाही.

वेळेचं गणित मात्र चुकवू नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि त्याआधी सव्वासहा तास, सकाळी आठच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ताही बघ. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया उत्तम, कारण उधाणात पाणी सर्वांत मागे हटतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा जाऊ नकोस, बरीचशी खडपं पाण्याखालीच राहतात.

सुकतीच्या दीड तास आधी पोहोचा आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची वाट ओहोटीतच चालता येते, आणि माणसं अडकतात ती याच हिशोबात. वळल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकंच चढतं, म्हणून "अजून वेळ आहे" वाटतं. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र प्रत्येकी पाव भाग चढतं.

चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घाला. शेवाळावर पाय सटकतो आणि खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. डबक्याशी आधी दोन मिनिटं गप्प बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. मगच शंख चालायला लागतात, आणि भराभर चालणाऱ्या शंखात बहुधा खेकडा असतो. दगड उचलला तर तसाच परत ठेवा. उलटा राहिला तर खालच्या बाजूचे जीव उन्हात वाळून मरतात. तारामासा दिसेलच असं नाही. दिसला तर ओढू नका, खडकाला धरलेले त्याचे बारीक नळीसारखे पाय तुटतात. स्पंजला हात लावू नका, काहींच्या अंगात काचेसारख्या सुया असतात, हात चुणचुणतो. निमुळता, शंकूसारखा नक्षीदार शंख मात्र कुणीही उचलायचा नाही. त्यात जिवंत गोगलगाय असली तर विषारी डंख मारते.

एक काचेची बरणी आणि भिंग न विसरता घे. बरणीत समुद्राचं पाणी भरून उजेडाकडे धर. झटके देत पोहणारे पांढरे ठिपके दिसले तर ते बहुधा कोपेपॉड, म्हणजे कार्टूनमधला प्लँक्टन! पाहून झालं की पाणी तिथंच ओत.

तारीख नक्की झाली की तिथी कळव, वेळ काढून देतो. वहिनींना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझाच