सूचना : जुन्या पथकांच्या नोंदी पाठवा

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, आपल्या ग्रामीण भागातल्या स्काउट-गाईड पथकांचा इतिहास संकलित करण्याचे काम सुरू झाले आहे.

१९०७ साली स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हाच मुलांच्या चार तुकड्या पाडून प्रत्येकीला नायक नेमला होता. खेड्यांत ही पद्धत फार उपयोगी ठरते. मुले थोडी, वस्त्या लांब. मार्गदर्शक रोज पोहोचत नाही, पण नायक गावातच असतो. म्हणून नायकांच्या हजेरीवह्या आधी शोधा. शाई पुसट झालेली, कसर लागलेली पानेही चालतील. मूळ कागद घरीच ठेवा, स्पष्ट फोटो काढून पाठवा.

गाईड पथकांच्या नोंदी फारच कमी आल्या आहेत. त्या कृपया आवर्जून द्या.