नेपल्स वाटेवरचं गाव नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इटलीच्या सहलीवरचा लेख वाचला. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस यांच्याबद्दल भरभरून लिहिलंय आणि नेपल्सच्या वाट्याला मात्र जेमतेम दीड ओळ आली आहे, तीही पॉम्पेईला जाताना लागणारं बंदर म्हणून. आपल्याकडच्या बहुतेक सहल कंपन्यांच्या पत्रकातही हेच असतं. या शहराशी आपल्या मराठवाड्याचं एक जुनं नातं आहे, म्हणून हे पत्र.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो अशाच एका ग्रुप टूरने. पहाटे रोमहून बस निघाली. पॉम्पेईत दोन तास, मग जेवण, मग नेपल्सच्या समुद्राकाठी फोटोसाठी पंधरा मिनिटं आणि रात्री परत रोम. मी टूर मॅनेजरला आधीपासून विनवत होतो की मला इथलं पुराणवस्तू संग्रहालय बघायचंय, दोन तास द्या. ‘काका, तिथं काय आहे बघण्यासारखं? आणि शहर चोरांचं आहे, उगाच रिस्क नको.’ त्या मुलाचा दोष नाही, त्याला वरून आलेला कार्यक्रम पाळायचा होता. पण अख्ख्या इटलीत मला जी एक वस्तू बघायची होती ती बसच्या खिडकीपासून फार तर तीन किलोमीटरवर होती आणि मी ती न बघता परतलो.

ती वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक मूर्ती. उंची साधारण पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षाही थोडी कमी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक होऊन पॉम्पेई राखेखाली गाडलं गेलं, त्याच्या आधीच ती तिथल्या एका घरात पोहोचली होती. १९३८ मध्ये अमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला ती सापडली. त्यांना ती लक्ष्मी वाटली आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव चिकटलं ते आजतागायत. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यावर एक भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा असे तर्क आहेत.

आता नात्याचं सांगतो. अशाच घडणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती आपल्याकडे दोन ठिकाणी मिळाल्या आहेत, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. म्हणून पॉम्पेईची मूर्ती सातवाहनांच्या मुलखातच, भोकरदनच्या आसपास घडली असावी असं मत काही अभ्यासकांनी मांडलं. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे सगळे या मताचे नाहीत, हेही सांगायला हवं. पण तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय की भरूचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तगरहून मलमल आणि साधं कापड गाड्यांवर लादून भरूचला येतं. पुढे जहाजं. आमच्या गोरोबाकाकांच्या गावातून निघालेल्या गाड्यांचा माल रोमन जहाजांवर चढत होता, हे मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवलं. शिकवताना फळ्यावर नकाशा काढायचो, मूर्ती मात्र कधी पाहिली नव्हती.

गेल्या ऑक्टोबरात मी आणि सौ. पुन्हा गेलो. या वेळी कुणाच्या बसने नाही. नेपल्सला चार रात्री राहिलो, स्टेशनजवळ. पहिल्याच सकाळी संग्रहालय गाठलं. मूर्ती तिथल्या ‘गुप्त दालना’त ठेवली होती. पॉम्पेईत सापडलेल्या शृंगारिक वस्तूंचं ते दालन, पूर्वी कैक वर्षं कुलूपबंद असायचं. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं. मूर्तीची जागा बदलू शकते, ती कधी बाहेरच्या प्रदर्शनालाही जाते, तेव्हा तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्यावं.

काचेपाशी मी बराच वेळ नुसता उभा होतो. गळ्यात भरगच्च माळा, कमरेला मेखला, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या. पायांत तर वाळ्यांवर वाळे, पिंढऱ्या झाकून टाकणारे. दोन बाजूंना दोन दासी, तिच्या मांडीपर्यंत पोहोचतील एवढ्याच, हातात प्रसाधनाची पात्रं घेऊन. हस्तिदंत जुन्या तुपासारखा पिवळसर झालाय. सौ. वाकून बघत होत्या, म्हणाल्या, ‘आमच्या आजीच्या पायांत असेच असायचे, चालली की घरभर कळायचं.’ शेजारी एक इटालियन बाई उभी होती. तिला मी मोबाइलवर नकाशा काढून तेर दाखवलं. तिने तो नकाशा आपल्या नवऱ्याला बोलावून दाखवला.

तेव्हा माझं सांगणं एवढंच की नेपल्सला मुक्काम करा, किमान दोन रात्री. रोमहून एका दिवसात उरकण्याचा अट्टहास सोडा. शहराच्या जुन्या भागाला १९९५ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. स्पाक्कानापोली नावाची सरळ चिरत गेलेली गल्ली धरून चाललं की निम्मं शहर पायाखाली येतं. तिथेच सान सेवेरोच्या चॅपेलमध्ये १७५३ चं ख्रिस्ताचं संगमरवरी शिल्प आहे. अंगावर पातळ वस्त्र पांघरलंय आणि त्याखालची कपाळाची शीर दिसते, वस्त्रही दगडाचंच. त्याचं तिकीट आधी काढलं नाही तर आत जाता येणं अवघड. सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या गल्लीत नाताळच्या देखाव्याच्या मातीच्या मूर्ती बाराही महिने घडवत बसलेले कारागीर दिसतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हिंडलेल्या माणसाला तिथून पाय निघणार नाही.

आणि एकेका दिवसाच्या सहली इथूनच सोप्या पडतात. चिर्कुमवेसुव्हियाना नावाची लोकल आहे, जुनाट, गर्दीची, पण पॉम्पेईच्या दारात सोडते, पाऊण तासाच्या आत. खिसा-पाकीट सांभाळावं, आपण दादर स्टेशनवर सांभाळतो तसंच. पॉम्पेईत आता दिवसाला वीस हजारांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. फरसबंदी ओबडधोबड, सावली नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि ज्येष्ठांनी सरळ हर्क्युलेनियम निवडावं, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं दुसरं गाव. याच लोकलवर एर्कोलानो स्टेशनला उतरून उताराने दहा मिनिटं. गाव लहान, दोन-तीन तासांत नीट बघून होतं, आणि तिथे लाकूडसुद्धा कोळसा होऊन टिकलंय. तुळया, दारं, अगदी पलंगसुद्धा. समुद्राकाठच्या होड्यांच्या कमानींत, जीव वाचवायला गोळा झालेल्या सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे १९८० च्या दशकात सापडले. तिथे आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावाला मात्र कुणीच जात नाही, याचं फार वाईट वाटतं. मेट्रोने जाता येतं. पूर्वेकडचा माल रोमसाठी उतरायचा तो या बंदरात, म्हणजे आपल्याकडची मलमल आणि मिरी इथेच उतरली असणार. गावात जुन्या बाजारपेठेचे तीन खांब उभे आहेत. त्यांच्यावर माणसाच्या उंचीपेक्षा वर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेल्या भोकांचा पट्टा दिसतो. जमीन ज्वालामुखीमुळे खचली, खांब पाण्यात बुडाले, मग जमीन पुन्हा वर आली. भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे खांब एकदा तरी बघावेत. काप्री बेटाची बोट लोक हमखास करतात, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. समुद्र खवळलेला असला तर तिथली निळी गुहा बंद असते, एवढं लक्षात ठेवावं.

खाण्याची धास्ती शाकाहारी मंडळींना असते. पिझ्झा याच शहरातला, आणि ‘मारिनारा’ म्हणजे नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजसुद्धा नाही. आमचं चार दिवस त्यावर आणि वांग्याच्या पार्मिजानावर उत्तम चाललं.

जाता जाता दोन विनंत्या. सहल कंपन्यांनी नेपल्सच्या दिवसात या संग्रहालयाला दोन तास द्यावेत आणि पत्रकात मूर्तीचा फोटो छापावा, मराठी माणूस नक्की थांबेल. दुसरी आपल्या पुरातत्त्व खात्याला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती मूर्तीशेजारी नेपल्सच्या मूर्तीचं मोठं छायाचित्र आणि व्यापारी वाटेचा नकाशा असावा, मराठीत. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेला समुद्रदेव पोसायडनचा छोटा कांस्य पुतळा आहे. त्यांचा देव पंचगंगेकाठी आला आणि आपली यक्षी त्यांच्या घरी गेली. हे दोन्ही फोटो एका भिंतीवर लागले तर शाळेच्या सहलींतली पोरं ते विसरणार नाहीत.

आणि हो, नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. तिकिटं काढताना वार बघून काढा.

आपला वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
तुळजापूर