यंत्राने वाचलेली मोडी आणि आपली जबाबदारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या अनेक मराठी घरांत गायकवाडी काळातले, जुन्या मोडी लिपीतले कागद आजही जपलेले आहेत. त्यांत दत्तकपत्रे आहेत, गहाणखते आहेत, सनदा आहेत. मोडी वाचणारी माणसे थोडी उरली, त्यामुळे मोबाइलवर फोटो काढून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपकडून देवनागरी करून घेणे लोकांना सोयीचे वाटू लागले आहे. आमचा त्याला विरोध नाही. पण हे यंत्र कुठे आणि का चुकते हे जाणून घेतल्याशिवाय त्याच्या वाचनावर कुणी हक्क सांगू नये, ग्रंथालयांनी ते छापू नये.

पूर्वीची संगणकी अक्षरओळख (ओसीआर) अडली की निरर्थक अक्षरे उमटवत असे. चूक डोळ्यांत भरे. आताचे यंत्र अडत नाही. पुसट जागी मराठीत जे शोभेल ते बसवते आणि वाक्य सुबक दिसते. मोडीत त्याला मोकळीकही पुष्कळ मिळते. शब्द सलग असतात, विरामचिन्हे नसतात, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. सुत म्हणजे मुलगा की सूत म्हणजे धागा, हे मजकुरावरूनच ठरवावे लागते.

खरा घात होतो आकड्यांत. '५॥' म्हणजे साडेपाच, पाच रुपये आठ आणे. त्या दोन रेघा यंत्राने दंड, म्हणजे वाक्य संपल्याची खूण, समजून गाळल्या तर ५ राहतात. एकाचे आकडे समजले तर ५११ होतात. रकमेपुढचा 'बाबाशाही' शब्द गळला तर बडोद्याच्या चलनातली रक्कम इंग्रजी रुपयात गेली, आणि दोन्हींचा भाव सारखा नव्हता.

तारखांचेही तसेच. 'इसन्ने सबैन मया व अलफ' हे सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, त्यातले ११७२, म्हणजे इ. स. १७७१-७२. हाच आकडा हिजरी धरला तर १७५८-५९ येते. दमाजीराव गायकवाड १७६८ मध्ये वारले. तेव्हा कागद त्यांच्या हयातीतला की त्यांच्यामागे चाललेल्या वारसाच्या भांडणातला, हेच उलटे होऊन बसते.

शंभरात पंच्याण्णव अक्षरे बरोबर, हा दावा ऐकायला मोठा वाटतो. सहाशे अक्षरांच्या पानात त्याचा अर्थ तीस चुका. त्या बहुधा नावांत, गावांत आणि रकमांत पडतात, कारण तिथे मागचा-पुढचा शब्द मदतीला येत नाही. आयआयटी रुरकीने २०२५ मध्ये यंत्राला मोडी शिकवण्यासाठी २,०४३ मोडी प्रतिमांचा संच मांडला. हे काम मोलाचे आहे. तरीही आपल्या दप्तरातल्या कारकुनांचे वळण यंत्राने पूर्वी पाहिले आहे का, हे प्रत्येक वेळी विचारलेच पाहिजे.

ज्यांना यंत्र वापरायचे आहे त्यांनी कागद किमान ३०० डीपीआयवर, रंगीत स्कॅन करावा. मोबाइलमधला 'उजळ करा' फिल्टर बंद ठेवावा. तो डागांबरोबर बारीक रेघाही पुसतो. जाणकाराने आधी वाचलेले एक पान यंत्राला देऊन नावे, रकमा आणि तारखा वेगळ्या तपासाव्यात. मग नवा कागद तीनदा, दरवेळी नव्या संवादात (चॅटमध्ये) वाचून घ्यावा. जिथे तीन वाचने जुळत नाहीत तिथे शंका नक्की. जुळली म्हणून बरोबर मात्र समजू नये. एकच चूक तीनदाही होते.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार टोचते. दत्तक, कर्ज, विधवेची पोटगी, जात असे सगळे या कागदांत असते, आणि त्यांतल्या माणसांचे वंशज याच शहरात राहतात. असा कागद फुकटच्या ॲपवर चढवला की तो कुठे साठतो आणि कशासाठी वापरला जातो, यावर आपला ताबा उरत नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी दप्तरे धुंडाळली गेली. एका शब्दावर किती घरांचे भवितव्य टांगलेले असते ते सगळ्यांनी पाहिले. म्हणून घरच्यांची संमती आधी घ्यावी, आणि शक्यतो आपल्याच संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर वापरावे.

शहरातील ग्रंथालये आणि मराठी संस्थांना आमची विनंती आहे की यंत्राचे वाचन प्रसिद्ध करताना शेजारी मूळ कागदाचे चित्र द्यावे, शंकास्पद शब्द चौकटी कंसात ठेवावेत आणि ते तपासणाऱ्या माणसाचे नाव खाली छापावे. तपासणारा मिळत नसेल, तर मिळेपर्यंत नुसते चित्रच ठेवावे.

आपले,
मोडी वाचक व अभ्यासक, बडोदे